पेढीवरून स्वयंपाकघरात

बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन खोडी जडतात. एक म्हणजे हॉटेलचं बिल दोनदा बेरीज करून बघायची, आणि दुसरी म्हणजे मेलेल्या माणसाचं मृत्युपत्र चवीनं वाचायची. मी शाखेत असताना मयत खातेदारांचे क्लेम माझ्याच टेबलावर यायचे. मुलगा, मुलगी, पुतण्या, एखादं देवस्थान, एखादी शाळा अशी ती ठरलेली यादी. माणूस जिवंतपणी कुणावर रुसला होता तेही त्या कागदात कळायचं. पण ज्या बाईनं त्या घरात वीस-वीस, तीस-तीस वर्षं पोळ्या लाटल्या तिचं नाव मला एवढ्या वर्षांत दोनदाच दिसलं, आणि दोन्ही वेळा तिच्या वाट्याला साड्या आल्या होत्या.

म्हणून मला एका इटालियन गृहस्थाच्या मृत्युपत्राचं फार अप्रूप वाटतं. हा गृहस्थ ३० मार्च १९११ रोजी फ्लोरेन्समध्ये वारला. वय नव्वद. लग्न केलेलं नव्हतं. फोटोत दिसतात त्या गालांवरून खाली उतरलेल्या भरघोस पांढऱ्या कल्ल्यांच्या मिशा. मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत एक चीज अशी होती की तिची किंमत दरवर्षी वाढतच होती, ती म्हणजे एका पाकशास्त्राच्या पुस्तकाचे हक्क. ते त्यानं आपल्या स्वयंपाक्याला आणि घरात काम करणाऱ्या बाईला देऊन टाकले. गृहस्थाचं नाव पेल्लेग्रिनो आर्तुझी. इटलीत आजही हे आडनाव म्हणजे पुस्तकाचंच नाव आहे. आर्तुझीत बघ, असं आई मुलीला सांगते.

माझी आणि त्याची गाठ पडली ती २०१८ च्या जूनमध्ये. आम्ही तिघं बँकवाले मित्र आणि आमच्या बायका अशी सहाजणांची टोळी इटलीला गेली होती. एका मित्राचा मुलगा बोलोन्यात नोकरीला. त्यानं आमच्यासाठी एक शनिवार-रविवार रोमान्या भागातल्या एका शेतघरात जागा घेऊन ठेवली. रोमान्या म्हणजे बोलोन्यापासून खाली आड्रियाटिक समुद्रापर्यंतचा पट्टा. एका बाजूला रोमनांनी आखलेला सरळसोट रस्ता, दुसऱ्या बाजूला टेकड्या, मधे द्राक्षं आणि पीच. टेकडीवरच्या बेर्तिनोरो गावात चौकात एक दगडी खांब आहे, त्याला बारा कड्या. पूर्वी म्हणे आलेला परका ज्या कडीला घोडा बांधेल त्या कडीच्या घराचा तो पाहुणा व्हायचा. मूळ खांब पाडला गेला, आत्ताचा १९२६ साली पुन्हा उभारलेला आहे. पण गावाला त्याचा अभिमान भारी. आमचा घोडा नव्हता, भाड्याची गाडी होती, आणि ती लावायला जागा मिळेना, ते असो.

शेतघराची मालकीण साठीच्या घरातली. सकाळी तिनं मातीच्या तव्यावर पियादीना भाजली. पियादीना म्हणजे आपल्या जाड पोळीची इटालियन बहीणच. फक्त मोहन घालतात ते डुकराच्या चरबीचं. हे कळल्यावर आमच्यातल्या एका वहिनींचा हात वाटेतच थांबला. मालकिणीनं ओळखलं, आणि दुसरा गोळा ऑलिव्हच्या तेलात मळला. या उपकाराची फेड म्हणून दुपारी वहिनींनी तिच्या स्वयंपाकघरात पिठलं केलं. चण्याचं पीठ तिथं मिळतं. लिव्होर्नो बंदराकडे त्याचं जाडसर धिरडं करून खातात. मालकिणीनं पिठलं चाखलं, फोडणीत काय काय आहे ते विचारलं, आणि फडताळातून एक जाडजूड पुस्तक काढून त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. पुस्तकाची पानं तेलानं पारदर्शक झालेली, पाठ चिकटपट्टीनं धरून ठेवलेली. आपल्याकडे घरोघरी ‘रुचिरा’ची जी अवस्था असते तीच. ते पुस्तक तिच्या आजीचं होतं. आणि ज्यानं ते लिहिलं त्याचं गाव खाली मैदानात, दिसेल एवढ्या अंतरावर होतं, फोर्लिम्पोपोली.

परत आल्यावर मी त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद मिळवला आणि कादंबरी वाचावी तसा वाचून काढला. त्यानंतर त्याचं चरित्र शोधत गेलो.

आर्तुझीचा जन्म ४ ऑगस्ट १८२० चा. तेव्हा इटली नावाचा देश नव्हता. फोर्लिम्पोपोली पोपच्या राज्यात होतं. बाप आगोस्तिनो खाऊनपिऊन सुखी असा किराण्याचा व्यापारी. फोर्लीच्या एका संताच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं. बेर्तिनोरोच्या धर्मशाळेत थोडं शिक्षण झालं आणि मुलगा दुकानात आला. माल आणायला, जत्रांना, बापाबरोबर आणि पुढे एकटा, तो गावोगाव हिंडला. पाकशास्त्र लिहिणारा माणूस स्वयंपाकघरात घडला असं आपल्याला वाटतं. हा घडला खानावळींत. बोलोन्यातल्या एका खानावळीत तो जेवायला बसला असताना शेजारच्या टेबलावर काही तरुण तावातावानं राजकारण बोलत होते. आर्तुझीचं सगळं लक्ष समोरच्या मॅकरोनीकडे. पुढे कळलं की त्यातला एकजण फेलिचे ओर्सिनी होता. १८५८ साली पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब टाकणारा आणि त्यापायी गिलोटिनखाली गेलेला तोच ओर्सिनी. आर्तुझीनं हा किस्सा मॅकरोनीच्या कृतीबरोबर सांगून टाकला आहे, स्वतःचीच थट्टा करत.

पण सगळे किस्से थट्टेचे नव्हते. २५ जानेवारी १८५१ ची रात्र. फोर्लिम्पोपोलीच्या जुन्या किल्ल्यात नाटकगृह आहे. गावातली खाऊनपिऊन सुखी मंडळी त्या रात्री नाटकाला बसलेली. पडदा वर गेला तर रंगमंचावर नटांऐवजी बंदुका रोखलेले दरोडेखोर उभे! टोळीचा म्होरक्या स्तेफानो पेल्लोनी. त्याचा बाप नावाडी म्हणून त्याला ‘पास्सातोरे’, म्हणजे नावाडीच, म्हणत. त्यांनी गावातल्या पैसेवाल्यांची नावं यादीवरून वाचली आणि एकेकाला पुढे घालून त्याचं घर उघडायला लावलं. आर्तुझी मंडळी त्या रात्री घरीच होती. ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकून दार उघडलं गेलं आणि टोळी आत शिरली.

त्या रात्री पैसा गेला तो गेलाच. त्याची एक बहीण, जेर्त्रूदे, भीतीनं छपरावरून पळाली, आणि त्या धक्क्यातून पुन्हा कधी सावरली नाही. तिचं मन गेलं. अखेर तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. पास्सातोरे दोन महिन्यांत गोळीबारात मारला गेला. पुढे लोकांनी त्याला गोरगरिबांचा दाता वगैरे करून टाकलं, त्याची गाणी झाली. रोमान्यातल्या दारूच्या बाटल्यांवरही त्याचं चित्र पाहिलं मी. आर्तुझीच्या घरात त्याचं कौतुक कुणी केलं नसेल.

यानंतर लवकरच घरानं गाव सोडलं आणि फ्लोरेन्स गाठलं. पेल्लेग्रिनो तिशी ओलांडलेला. आधी लिव्होर्नोला उमेदवारी, मग फ्लोरेन्समध्ये स्वतःची पेढी: रेशमाचा व्यापार, आणि जोडीला सावकारी देवघेव. पेढी चांगली चालली. बहिणींची लग्नं लावून दिली, आईबापांचं सगळं केलं, आणि पन्नाशीच्या आतबाहेर असताना या माणसानं पेढी बंद करून टाकली. कर्ज नाही, तोटा नाही. पुरे एवढं मिळालं म्हणून बंद.

इथं मला तो फार जवळचा वाटतो. २००१ साली मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. कादंबऱ्या लिहायच्या होत्या. नातेवाइकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर अजून विसरलो नाही. आर्तुझीलाही वाङ्मयाचाच ध्यास. त्यानं १८७८ साली उगो फोस्कोलो या कवीचं चरित्र लिहून छापलं, तीन वर्षांनी जुस्ती या दुसऱ्या कवीच्या तीस पत्रांवर टिपणं लिहिली. दोन्ही पुस्तकं पडली. कुणी वाचली नाहीत. माझी पहिली कादंबरी ज्या प्रकाशकानं दीड वर्ष ठेवून न उघडता परत केली त्याची मला या ठिकाणी आठवण झाली, एवढं सांगून पुढे जातो.

फ्लोरेन्समध्ये पियात्सा द’आझेल्यो नावाचा झाडांचा चौक आहे. तिथल्या घरात म्हातारा होत चाललेला हा ब्रह्मचारी, बिआंकानी आणि सिबिल्लोने ही त्याची दोन मांजरं, गावाकडून आलेला फ्रांचेस्को रुफिल्ली हा स्वयंपाकी, आणि तोस्कानातल्या मास्सा ए कोत्सीलेची मारिएत्ता साबातीनी असा संसार होता. मालक वाचून, ऐकून, आठवून एखादा पदार्थ सांगायचा. फ्रांचेस्को आणि मारिएत्ता तो करायची. मालक चाखायचा, नाक मुरडायचा, प्रमाण बदलायचा, पुन्हा करायला लावायचा. जमला की कागदावर. अशी वर्षांमागून वर्षं गेली. पुस्तकात सगळीकडे ‘मी’ आहे. मी करून पाहिलं, मी एवढं लोणी घातलं. चुलीपुढे मात्र ती दोघं होती.

१८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यानं हे पुस्तक बाहेर काढलं. नाव लांबलचक: स्वयंपाकघरातलं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला. प्रकाशकांशी बोलणी फिसकटली होती, तेव्हा साल्व्हातोरे लान्दीच्या छापखान्यात स्वतःच्या खर्चानं हजार प्रती छापल्या. कृती ४७५. अर्पण केलं ते दोन्ही मांजरांना. वेरोनाच्या एका प्राध्यापकमित्राला त्यानं आधीच मत विचारलं होतं. या पुस्तकाला फारसं यश मिळायचं नाही, असं त्यानं सांगून ठेवलं. आणि झालंही तसंच. फोर्लिम्पोपोलीत एका धर्मादाय सोडतीसाठी त्यानं मोठ्या प्रेमानं दोन प्रती पाठवल्या. ज्यांना त्या लागल्या त्यांनी टिंगल केली आणि नेऊन तंबाखूवाल्याला विकून टाकल्या. आपल्याकडचा पुडी बांधायचा कागद. जन्मगावानं केलेला हा पाहुणचार त्यानं पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवला आहे, आणि आपल्या पुस्तकाची कथा सिंड्रेलासारखी आहे असं म्हटलं आहे.

दुसरी आवृत्ती निघाली ती १८९५ मध्ये. हजार प्रती खपायला चार वर्षं! पण या चार वर्षांत पुस्तक स्वयंपाकघरात शिरलं होतं. पाओलो मांतेगात्सा या नामवंत डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञानं कौतुकाचं पत्र पाठवलं. हा मांतेगात्सा आपल्याकडेही येऊन गेलेला. निलगिरीच्या तोडा लोकांचा त्यानं अभ्यास केला आणि हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं. पुस्तक विकायची तऱ्हा मोठी गमतीची. दुकानदारांच्या नादी फार न लागता आर्तुझी घरूनच टपालानं प्रती पाठवायचा. पैसे घरी येत, पुस्तक घरून जाई. त्यामुळे वाचणारीला लेखकाचा पत्ता आपोआप माहीत! मग पत्रं येऊ लागली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं, फुगलं नाही. आमच्याकडे यात अमुक घालतात. ही घ्या आमच्या आईची कृती. म्हातारा उत्तरं लिहायचा, पाठवलेली कृती फ्रांचेस्को आणि मारिएत्ताकडून करवून बघायचा, आणि पसंत पडली तर पुढच्या आवृत्तीत घालायचा. ४७५ च्या ७९० कृती झाल्या त्या अशा. मरेपर्यंत चौदा-पंधरा आवृत्त्या आणि पन्नास हजारांच्या वर प्रती. त्यातली पत्रं आज त्याच्या गावी जपून ठेवलेली आहेत.

या पुस्तकाची थोरवी काय, असं आमच्या शेतघराच्या मालकिणीला विचारलं होतं. ती म्हणाली की ते बोलतं. मला वाटतं याहून नेमकं कुणी सांगणार नाही. टोमॅटोच्या रसाच्या कृतीत तो आधी एका पाद्र्याची गोष्ट सांगतो. माणूस भला, पण घराघरातल्या कारभारात नाक खुपसणारा. म्हणून गावानं त्याचं नाव ‘डॉन टोमॅटो’ ठेवलं, कारण टोमॅटो सगळ्यात जातो. काप्पेल्लेत्ती या सारण भरलेल्या छोट्या टोप्या. नाताळात त्या शंभर-शंभर खाल्ल्याची फुशारकी मारणारे वीर त्याच्या मुलखात होते. अशा एकाचा त्यापायी जीव गेला हे सांगून, बेताच्या खाणाऱ्याला दोन डझन पुरतात असा सल्ला तो देतो. आणि मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्या-भाताचं दाट सूप, त्याची गोष्ट तर अंगावर येते. १८५५ साली लिव्होर्नोला त्यानं खानावळीत ते खाल्लं. खोली एका गृहस्थाकडे घेतलेली होती. रात्रभर पोटात कालवाकालव. सगळा राग मिनेस्त्रोनेवर. दुसऱ्या दिवशी तो फ्लोरेन्सला परतला, आणि मग बातमी आली की लिव्होर्नोत पटकी सुरू झाली आहे आणि खोली देणारा गृहस्थ तिला बळी पडला आहे. पुढे त्यानं ते सूप पुन्हा पुन्हा करवून, सुधारून, पुस्तकात दिलं.

आणखी एक काम त्यानं केलं, ते मुद्दाम ठरवून केलं. इटली एक राष्ट्र झालं १८६१ मध्ये. मिलानची बाई आणि रोमची बाई एकमेकींचं बोलणं धड समजू शकत नसत, आणि बड्या घरांत भोजनाचे तक्ते फ्रेंचमध्ये. आर्तुझीनं फ्रेंच शब्द हाकलून सगळं साध्या, फ्लोरेन्सच्या चालीच्या इटालियनमध्ये लिहिलं. पियेरो काम्पोरेसी या अभ्यासकानं १९७० च्या आवृत्तीत पुढे दाखवून दिलं की देश एकत्र यायला मान्झोनीच्या थोर कादंबरीपेक्षा हे पाकपुस्तक जास्त उपयोगी पडलं. कादंबरीकार म्हणून हे वाचताना मला जरा लागलं, पण पटलं. मात्र त्याची ही ‘इटली’ मुख्यतः रोमान्या आणि तोस्काना. दक्षिणेचं त्याला फारसं कळत नव्हतं. त्याचा ‘नेपल्सचा पिझ्झा’ उघडून बघा, त्यात रिकोट्टा, बदाम आणि साखर आहे! आणि ज्या पियादीनेवर आम्ही ताव मारला ती गरिबाची रोटी त्याच्या पुस्तकात नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही फोर्लिम्पोपोलीत उतरलो. १९९७ पासून दर वर्षी तिथं आर्तुझीची जत्रा भरते. त्या दिवसांपुरती गल्ल्यांना पुस्तकातल्या प्रकरणांची नावं देतात. आम्ही ‘सूप’मधून निघून ‘तळण’मार्गे ‘गोड’पर्यंत गेलो, आणि एका मित्राची बायको ‘भाज्यां’मध्ये हरवली. २००७ पासून एका जुन्या मठाच्या इमारतीत त्याच्या नावाची संस्था आहे, ग्रंथालय आहे, आणि तिथं स्वयंपाक शिकवणाऱ्या गावातल्या बायकांना ‘मारिएत्ता’ म्हणतात. पांढऱ्या टोपीतल्या अशा तीन-चार मारिएत्ता लाटण्यानं पोळी लाटत होत्या. लाटणं आपल्या लाटण्याच्या दुप्पट लांब. आमच्या वहिनींनी हातात घेऊन एक लाटून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या.

खऱ्या मारिएत्ताबद्दल फार थोडं कळतं. पुस्तकात एक गोड पाव आहे, ‘पानेत्तोने मारिएत्ता’. मालक सांगतो की मारिएत्ता चांगली स्वयंपाकीण आहे, भल्या स्वभावाची आहे, ही कृती तिनं मला शिकवली, म्हणून या पावाला तिचं नाव देणं रास्त आहे. १८९० च्या दशकात घरकाम करणाऱ्या बाईला छापील पुस्तकात नावानिशी एवढं श्रेय! आणि तरी ७८९ इतर कृतींत ‘मी’च आहे. मला वाटतं त्यालाही हे टोचलं असावं. मृत्युपत्र करताना त्यानं हिशेब चुकता केला तो बँकवाल्यासारखा, म्हणजे कौतुकाच्या शब्दांत नाही, तर हक्कांत. आणि ज्या गावानं त्याची पुस्तकं तंबाखूवाल्याला विकली, जिथून तो परागंदा झाला, त्या फोर्लिम्पोपोलीच्या नगरपालिकेला त्यानं उरलेल्या मालमत्तेतला मोठा वाटा दिला. त्यातून म्हाताऱ्यांसाठी निवारा उभा राहिला. त्याचं थडगं फ्लोरेन्सवरच्या टेकडीवर, सान मिनियातोच्या दफनभूमीत आहे. तिथं जायचं आमचं राहून गेलं. मित्राचे गुडघे.

२०२० साली त्याच्या जन्माला दोनशे वर्षं झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये इटली घरात कोंडली गेली. तिथल्या दुकानांतून पीठ आणि यीस्ट संपलं, इतके लोक घरी पाव भाजायला लागले. इकडे पुण्यात आमच्याही सोसायटीचं फाटक बंद झालं. आमच्याकडे अठरा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी येईनाशा झाल्या. बायकोच्या मनगटाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. म्हणजे चुलीपुढे मी. आठवडाभर आम्ही जे खाल्लं त्याबद्दल न बोललेलं बरं. मग मी आर्तुझीचा उलटा प्रकार केला. रोज सकाळी साडेनऊला मावशींना फोन लावायचा, त्या सांगायच्या, मी वहीत लिहून घ्यायचो. अंदाजाने म्हणजे किती, हे विचारून विचारून मी त्यांना भंडावून सोडलं. त्यांच्या आमटीत गूळ चिंचेच्या आधी पडतो हे मला साठी उलटल्यावर कळलं. भरल्या वांग्याला तीन वेळा फोन करावा लागला. जून उजाडेपर्यंत वहीत एकेचाळीस पदार्थ झाले.

सुनेनं त्या वहीचं टाइपिंग केलं, छान मुखपृष्ठ केलं, आणि नातेवाइकांत प्रती वाटल्या. मुखपृष्ठावर माझं नाव होतं. सगळ्यांनी फोन करून माझं कौतुक केलं, आणि मी ते दोन दिवस घेतलंही. तिसऱ्या दिवशी सुनेला सांगितलं की नाव बदलायचं आहे. तिनं विचारलं, काय घालू? मावशींचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. त्यांचं बँकेत खातं मीच काढून दिलं होतं, फॉर्म माझ्या हातानं भरला होता, तरी आठवेना. शेवटी त्यांना फोन करून पासबुक काढायला सांगितलं आणि नाव वाचून घ्यायला लावलं. त्यांना वाटलं, खात्यात काही घोळ झाला.